दट्ट्याखालची खुट्टी

सोमवार, ४ तारीख

आणि दादा परत तेच लिहितो. "पुन्हा काही उघडलंस का?" म्हणे. चार ओळींचं पत्र, त्यातल्या दोन यावर. अरे, घरचा पंप मी उघडला, कारण तू तीन दिवस त्याला लाथा घालत होतास. नंतर तो चालला की नाही? चालला. एक नट उरला, तर उरला. त्या एका नटावरून आठ वर्षं बोलतोयस. मी इतक्या लांब येऊन दीड वर्ष झालं, तरी तुझा नट काही संपत नाही.

मी काही उघडलेलं नाही. आज जे झालं ते माझ्या हाताने झालं नाही.

आमचा सांजपेपर. दुपारी दोनला छपाई, म्हणून सकाळभर घाई. ओळी ओतणारी तीन यंत्रं आहेत. समोर बसणारा कळा दाबतो, एकेका अक्षराचा पितळी साचा वरून घरंगळत येतो, साच्यांची ओळ लागते, शब्दांच्या मध्ये पाचरी बसतात. दांडा वर केला की ती ओळ दोन जबड्यांत जाऊन बसते, मागून भट्टी येऊन टेकते, दट्ट्या खाली जातो आणि वितळलेलं शिसं साच्यांत घुसतं. अख्खी ओळ एका तुकड्यात गरम गरम बाहेर पडते. माझं काम भट्टीत शिशाच्या वड्या टाकायचं, तेल द्यायचं आणि शिव्या खायचं.

तीन नंबरवर मावशी बसतात. सगळे त्यांना मावशीच म्हणतात, मॅनेजरसुद्धा, आणि त्या सगळ्यांना तोडून बोलतात, मॅनेजरलासुद्धा. साडेअकराला मी त्यांच्या भट्टीत वडी सोडत होतो आणि फोरमनची गंमत सांगत होतो. शनिवारी तो ओल्या प्रुफावर बसला आणि "दर वाढणार" हा मथळा पँटीच्या मागे घेऊन घरी गेला. उलटा उमटला होता, पण मला उलटं सरळपेक्षा लवकर वाचता येतं. मावशी मान मागे टाकून हसल्या. आणि फस्स! जबड्यांतल्या फटीतून शिशाची धार उडाली ती त्यांच्या डाव्या हातावर.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्र बंद कर, बावळटा. माझ्याकडे काय बघतोस?"

मंगळवार, ५ तारीख

मावशी हात बांधून चौकशीला आल्या. चेहरा कागदासारखा, जीभ तशीच.

त्यांची ओळ अर्धी होती. आता ओळ अर्धी असताना चूक सापडली, तर इथली रीत अशी की ती दुरुस्त करत बसायचं नाही. कळांच्या पहिल्या रांगेवरून बोट सरसर फिरवायचं, वाट्टेल ती अक्षरं पडू द्यायची, ओळ गच्च भरायची आणि मगच ओतायला पाठवायची. निघालेली कचरा-ओळ काढून परत भट्टीत. साच्यांमध्ये फट राहिली की शिसं त्यातून बाहेर येतं, म्हणून. हे मावशींना कोणी शिकवायला नको. बाकीच्या दोन यंत्रांवरच्या पोरांना त्यांनीच शिकवलंय.

मॅनेजर म्हणाला, "ओळ भरली नव्हती?"

"नव्हती."

"का?"

"चुकलं."

"कोणी बोलत होतं तुमच्याशी?"

"माझ्याशी? कामाच्या वेळी माझ्याशी बोलायची छाती कोणाची आहे?"

सगळे हसले. मी म्हणणार होतो, अहो मावशी, मी होतो ना. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तोंड मिटलं. बहुतेक कळ आली असेल. चटका डोक्यापर्यंत जातो वाटतं, माणूस कालचं आज विसरतो.

मॅनेजरने भिंतीवरचा दोन नंबरचा नियम मोठ्याने वाचला: अपुरी ओळ पाठवणाऱ्याची जबाबदारी त्याची. भिंतीवर नियम बरेच आहेत, पण खालचे मी कधी वाचले नाहीत. त्यांच्यावर आमचे कोट टांगलेले असतात. तीस तारखेला मालकांकडे अहवाल जाणार. हात बरा होवो न होवो, मावशी घरी. चौदा वर्षांचं काम, आणि हातात काही नाही.

मी म्हणालो, "साहेब, ओळ अर्धी आहे हे यंत्राला का कळत नाही?"

"काय?"

"माणूस चुकणारच. फट आहे तर दट्ट्या खाली गेलाच कशाला?"

फोरमन म्हणाला, "तू शिसं टाक."

टाकलं. पण ते उत्तर नव्हे.

शुक्रवार, ८ तारीख

तीन दिवस फक्त उजवा जबडा बघतोय. एक नंबरवरचा पोरगा म्हणाला, "यंत्राशी लग्न लावायचंय का?" म्हटलं, तुझ्यापेक्षा ते जास्त ऐकतं.

आज सापडलं. प्रुफाच्या कागदाची पट्टी फाडून उजव्या जबड्याच्या मागे सरकवली. ओळ गच्च असली की तिच्या रेट्याने जबडा मागे सरकतो आणि पट्टी घट्ट धरली जाते, ओढली तर फाटते. ओळ अपुरी असली की पट्टी अलगद निघते. भट्टी गार असताना दहा वेळा केलं. दहाही वेळा तसंच.

म्हणजे यंत्राला कळतं! त्याला सगळं कळतं, फक्त दट्ट्याला कोणी सांगत नाही. जबड्याने दट्ट्याला सांगायचं, बस एवढंच. दट्ट्याच्या दांड्याखाली एक खुट्टी उभी करायची. ओळ भरली, जबडा सरकला, की त्याने खुट्टी बाजूला ओढायची. नाही सरकला तर खुट्टी जागेवर, दट्ट्या वरच अडकेल, शिसं भट्टीतच राहील.

सोमवार, ११ तारीख

फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, "शाळा किती झालीय तुझी?"

"चौथी."

"आणि यंत्र ज्यांनी बनवलं त्यांची?"

"त्यांचा हात भाजला का?"

त्याने आजूबाजूला बघितलं. मग म्हणाला, "यंत्राला हात लावलेला मला दिसला तर बाहेर काढीन. साडेबारा ते दीड मी जेवायला जातो. तेव्हा इथे काय चालतं ते मला माहीत नसतं."

घ्या. फोरमन, आणि स्वतःच्या खात्यात काय चालतं ते माहीत नाही. वर हत्यारांच्या पेटीला कुलूप लावायलाही विसरला. कानस, छिन्नी, शिकंजा, सगळं उघडं. असल्या माणसाला फोरमन कोणी केलं?

मंगळवार, १२ तारीख

पहिली खुट्टी पत्र्याची केली. पाच ओळींत वाकली.

शुक्रवार, १५ तारीख

दुसरी लोखंडी पट्टीची. ही अडते चांगली, पण मग सुटत नाही! भरलेल्या ओळीलाही दट्ट्या जागचा हलेना. दुपारी दीडला ती काढायची राहिली आणि दोनच्या छपाईआधी तीन नंबर सोळा मिनिटं बंद. तिथे आता मावशींच्या जागी बदली बसलाय, तो असा ओरडला की मशिनखात्यातली माणसं धावत आली.

फोरमन म्हणाला, "काय झालं?"

मी म्हणालो, "कचरा अडकला होता."

"एवढा मोठा?" त्याने माझी खुट्टी चिमटीत धरून उजेडाकडे नेली, उलटीसुलटी केली. "कचऱ्याला स्प्रिंग नाही म्हणून अडकला," म्हणाला आणि माझ्या खिशात टाकून निघून गेला. चेष्टा करायला बरं सुचतं.

पण स्प्रिंगचं मात्र खरं आहे. खुट्टीला परत आणणारं काहीतरी पाहिजे.

शनिवार, १६ तारीख

स्प्रिंग मिळाली. कुठून ते लिहीत नाही.

मंगळवार, १९ तारीख

संडासाचं दार. लिहून टाकतो, दैनंदिनीत कशाला लपवू. दार आपोआप लागायचं, आता लागत नाही. काल मॅनेजर आत असताना ते हळूहळू सताड उघडलं आणि हिशेबनीस फाईल घेऊन समोर उभा. मॅनेजरने आकाशपाताळ एक केलं. फोरमनने मान खाली घालून नवीन स्प्रिंगची चिठ्ठी लिहिली, कोणी काढली ते विचारलंसुद्धा नाही. नशीब माझं.

आणि खुट्टी चालली! जेवणाच्या सुट्टीत शंभर ओळी टाकल्या. ऐंशी भरलेल्या, त्या ओतल्या गेल्या. वीस मुद्दाम अपुऱ्या, त्यांना वीसच्या वीस वेळा टक्. "टक्" असा आवाज येतो, दट्ट्या खुट्टीवर टेकल्याचा. मला तो आवाज इतका आवडला की आणखी दहा वेळा ऐकला. खुट्टी काढली नाही. दुपारभर चालू ठेवली. कोणाला कळलं नाही.

बुधवार, २० तारीख

संध्याकाळी मावशींकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीत धुतलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. उजव्या हाताने टेबलाच्या कडेवर कळा दाबत बसल्या होत्या, जिथे कळा नाहीत तिथे.

चित्र काढून सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं. एक प्रश्न विचारला, तो बरोबर विचारला: "शब्दांमधल्या पाचरी झिजल्या असतील तर भरलेली ओळही ढिली राहते. तेव्हा?"

"तेव्हाही टक्."

"हं." मग म्हणाल्या, "हे कोणासाठी करतोस?"

"तुमच्यासाठी."

"मला आरती ओवाळू नकोस. यंत्रासाठी करत असशील तर कर. माझं मी बघेन."

"कसं बघाल? एका हाताने?"

"एका हातानेसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त काम करते. आणि ऐक. त्या दिवशी तू भट्टीपाशी होतास, माझ्यापाशी नव्हतास. कळलं?"

"मावशी, भट्टी आणि तुम्ही यांत हातभर अंतर आहे."

"तेवढं पुरे."

वय झालं की माणसं असली अंतरं मोजत बसतात. जाताना त्यांनी मला दोन केळी दिली आणि एक शिवी.

गुरुवार, २१ तारीख

आज गरम होत होतं, म्हणून कोणीच कोट आणला नव्हता. खुंट्या मोकळ्या. मी भट्टी तापायची वाट बघत भिंतीकडे तोंड करून उभा होतो. नियम सहा: यंत्र चालू असताना बसलेल्या कामगाराशी बोलणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल.

तीनदा वाचला. सरळ अक्षरं मला सावकाश वाचता येतात, पण तीनदा वाचला.

शुक्रवार, २२ तारीख

लिहायला बसलो. काही लिहायचं नाही.

सोमवार, २५ तारीख

लिहितो. त्या हसल्या ते मी हसवलं म्हणून. हसताना हात सवयीने दांड्यावर गेला. चौदा वर्षं हात दांड्यावर जातोय, तो त्या दिवशीही गेला. बोट फिरवून ओळ भरायची तेवढी राहिली. सगळ्या चौकशीत हे एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्या माणसाने सांगितलं, छातीच कोणाची आहे. आणि मी म्हणत बसलो, चटका डोक्यात गेला.

दादा, तू इथे असतास तर म्हणाला असतास, गप्प बस, त्या बाईने स्वतःहून केलंय, तुझी नोकरी वाचली, घरी खाणारी तोंडं किती आहेत ते मोज. मोजतो ना. रोज मोजतो. गप्प बसलो तर महिनाअखेर सगळं ठीक होईल. मावशी सोडून सगळं.

मला भीती वाटते. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

बुधवार, २७ तारीख

मॅनेजरला खुट्टी सापडली. बदलीवाल्याने सांगितलं असणार, "टक्" ऐकून. त्याने मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर यंत्राच्या कंपनीचं जाडजूड पुस्तक. "यात आहे का ही वस्तू?" म्हणाला.

"नाही. म्हणून तर करावी लागली."

"काढ."

"नाही काढत."

मी असं बोललो हे मलाच ऐकू आलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "साहेब, शुक्रवारी स्वतः या आणि बघा. नाही चालली तर तीही काढतो आणि मीही जातो. दोन्हींचा खर्च एकदम वाचेल."

फोरमन दारात उभा होता. म्हणाला, "शुक्रवारी दुपारी पेपर गेल्यावर वेळ आहे, साहेब. पोरगा तोंडघशी पडलेला मलाही बघायचाय."

बघ म्हणावं.

शुक्रवार, २९ तारीख

सगळं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अडीचला सगळे तीन नंबरभोवती. मॅनेजर, हिशेबनीस, बाकी दोन्ही यंत्रांवरची पोरं, मशिनखात्यातले शाई लागलेल्या हातांचे. मावशीही आल्या होत्या, कोणी बोलावलं माहीत नाही. सुरू करण्याआधी फोरमन यंत्राच्या मागे गेला आणि उगाच माझ्या खुट्टीवर नखाने टकटक केलं, स्प्रिंग एकदा ताणून सोडली. माझी टिंगल करायची एकही संधी तो सोडत नाही.

मी खुर्चीवर बसलो. चार साच्यांची ओळ लावली, फक्त चार. अर्ध्याहून जास्त मोकळी. मग डावा हात जबड्यांसमोर धरला, जिथे मावशींचा होता तिथे. बाही वर करून.

मॅनेजर म्हणाला, "हे काय करतोस?"

"दाखवतोय."

"हात काढ! नाही थांबलं तर?"

"तर या वेळी चूक माझी. लिहा तसं."

"अरे मूर्खा," मावशी म्हणाल्या, एकदम पुढे आल्या, पण मी उजव्या हाताने दांडा वर केला होता.

ओळ जबड्यांत गेली. भट्टी पुढे आली, तिचा गरम श्वास हाताच्या केसांना लागला. मला वाटतं मी डोळे मिटले. नाही, मिटलेच.

टक्.

डोळे उघडले. मग मशिनखात्यातला एक जण म्हणाला, "परत कर." मी परत केलं. टक्. तिसऱ्या वेळी भरलेली ओळ टाकली, ती चकचकीत होऊन बाहेर पडली. एक नंबरवरच्या पोराने ती उचलली, बोटं भाजली, टाकून दिली, आणि सगळे एकदम हसले.

मॅनेजर हसला नाही, पण खाली वाकून खुट्टी बघितली. म्हणाला, "राहू दे. बाकी दोन यंत्रांनाही बसव." आणि मग मावशींकडे न बघता: "अहवालाचा मात्र याच्याशी संबंध नाही. ओळ अपुरी होती, यांनीच पाठवली."

इथे थांबलो असतो तर चाललं असतं. सगळे माझ्या बाजूचे होते. मी उठलो. म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलत होतो."

"हा तापलाय," मावशी म्हणाल्या. "भट्टीजवळ उभा राहून डोकं तापलंय याचं."

"गंमत सांगत होतो. त्या हसल्या. तेव्हाच हात गेला. सहा नंबरचा नियम, कोटांच्या मागे आहे, बघा."

"कसली गंमत?" मॅनेजर म्हणाला.

मी फोरमनकडे बघितलं. आता सुटका नव्हती. सांगितलं. मथळ्यासकट. मशिनखातं इतकं हसलं की हिशेबनीस तोंडावर फाईल धरून उभा राहिला. फोरमनचा चेहरा लाल झाला. आता गेलो, म्हटलं, एकदा नव्हे, दोनदा.

फोरमन म्हणाला, "साहेब, अशा हाताची बाई मिळवायला मला सहा महिने लागतील, आणि तोवर पेपर रोज उशिरा. अहवालात लिहा, दट्ट्यावर अडसर नव्हता. खोटं नाही ते. आणि याला काढलंत तर उरलेल्या दोन खुट्ट्या कोण करणार? तुम्ही?"

मॅनेजरने बरोबर आणलेल्या त्या जाडजूड पुस्तकाच्या कव्हरवर बोटं वाजवली. शेवटी: मावशी राहतील, हात बरा होईपर्यंत प्रूफ वाचतील, पगार पूर्ण. मी राहीन, या महिन्याचा अर्धा पगार कापून.

मी म्हणालो, "खुट्ट्या करतो, पण लोखंड तुमचं. आणि स्प्रिंगाही."

"चालता हो," मॅनेजर म्हणाला. मी यंत्राकडे चालता झालो.

बाहेर पडताना मावशींनी न बांधलेल्या हाताने माझ्या टाळक्यात मारली. म्हणाल्या, "एवढी मेहनत घेतली होती मी."  

फोरमनला मात्र काय झालंय कळत नाही. संध्याकाळी त्याच्या पेटीला पुन्हा कुलूप नव्हतं. या माणसाला शिस्त म्हणून नाही.

शनिवार, ३० तारीख

दादा, तुला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, नियम सहासकट. तू चिडशील. म्हणशील, बोलायची काय गरज होती, कोणी विचारलं होतं? कोणीच नव्हतं विचारलं. म्हणूनच बोललो. आणि हो, उघडलं. यंत्राची मागची बाजू पूर्ण उघडली, एक वस्तू जास्त घालून बंद केली, आणि या वेळी काहीच उरलं नाही.

हातात तीस रुपये आले. तेरा खोलीला आणि पोटाला. आईला म्हण, तब्येत चांगली आहे, हातही शाबूत आहे. पैसे नेहमीच्या निम्म्याहूनही कमी आहेत. ते का कमी आहेत हे तिला तू सांगू नकोस, मी येईन तेव्हा मीच सांगेन, ताठ मानेने. पोस्टात रांग होती, फॉर्म भरायला मला वेळ लागला, कारकून म्हणाला, लवकर. म्हटलं, सरळ लिहितोय, थांबा.

सतरा पाठवतोय.